चिमूरचा उठाव व त्यापासून घ्यावयाचा धडा

विद्यार्थिमित्रहो, दूरदेशींच्या लढायांच्या सनावळ्या तुम्ही पाठ करतां. परंतु आपल्या ब्रह्मपुरीपासून फारशा लांब नसलेल्या चिमूर गांवीं १९४२ सालीं काय घडलें, हें विचारल्यास पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. म्हणून तो वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस काँग्रेसनें 'भारत छोडो'चा ठराव मंजूर केला व दुसऱ्याच दिवशीं पहांटे गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले. लोकांस आवरणारें व मार्ग दाखविणारें बाहेर फारसें कोणी उरलें नाहीं. आपल्या भागांत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभजनांनीं खेड्यापाड्यांतील मनें आधींच जागृत झालेलीं होतीं. १६ ऑगस्ट रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, चिमुरांत मिरवणूक निघाली. पोलिसांनीं गोळीबार केला आणि त्यांत बालाजी रायपूरकर हा अवघ्या १६ वर्षांचा, म्हणजे तुमच्याच वयाचा, मुलगा ठार झाला. तें पाहून लोक खवळले. जमावानें उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर व एक शिपाई अशा चौघांचे प्राण घेतले.

या दोन्ही गोष्टी सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. मुलाचा मृत्यु सांगावा व चौघांचा झांकावा, किंवा याच्या उलट करावें, तर तो इतिहास नव्हे. अहिंसेच्या नांवानें निघालेली चळवळ त्या दिवशीं संतापाच्या हातीं गेली, हें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु पुढें सरकारनें जें केलें, त्यास न्याय म्हणतां येत नाहीं. तीन दिवसांनीं गोरें व हिंदी सैन्य चिमुरांत शिरलें. पुरुष कांहीं धरले गेले, कांहीं रानांत पळाले. घरांत उरल्या त्या बायका, मुलें व म्हातारीं माणसें. घरें लुटलीं गेलीं व स्त्रियांवर अत्याचार झाले. नागपुराहून आलेल्या मंडळींपुढें त्या स्त्रियांनीं लाज बाजूस ठेवून आपली हकीकत सांगितली. परंतु चौकशी करण्यास सरकार राजी होईना.

तेव्हां सेवाग्राम आश्रमांतील प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीस गेले व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद बापूजी अणे यांजकडे त्यांनीं चौकशीची मागणी केली. ती निष्फळ होतांच त्यांनीं उपवास आरंभिला. उपवासाच्या बातम्या छापण्यास बंदी झाली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजीं अनेक वृत्तपत्रांनीं अंकच काढिले नाहींत. अखेर ६३ दिवसांनीं, १२ जानेवारी रोजीं, उपवास सुटला. आष्टी व चिमूर येथील खटल्यांत फांशी ठोठावलेल्या कैद्यांची शिक्षा लोकांच्या आग्रहामुळें १९४५ सालीं जन्मठेपेवर आली.

असाच, परंतु कितीतरी भयंकर प्रकार कोरियांतील जेजू बेटावर झाला. तेथें १ मार्च १९४७ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत सहा माणसें मेलीं. ३ एप्रिल १९४८ रोजीं बंडखोरांनीं पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. आणि नंतरच्या दडपशाहींत सुमारें २५ ते ३० हजार लोक मारले गेले असावेत, असा अंदाज आहे. तें नांव काढण्याचीही कित्येक वर्षें चोरी होती. शेवटीं २००० सालीं चौकशीचा कायदा झाला व २००३ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं जनतेची क्षमा मागितली.

मुलांनो, गुन्हेगारास न्यायासनापुढें उभें करणें हा राज्याचा अधिकार आहे. सबंध गांवास गुन्हेगार ठरविणें हा नव्हे. चौकशीवांचून अपराधी व निरपराधी एकाच मापानें मोजले जातात. पालकांसही आमची विनंती आहे कीं, त्या दिवसांविषयीं वाडवडिलांकडून जें ऐकिलें असेल, तें मुलांकडून लिहवून घ्यावें. पाहणारी पिढी मावळत आली आहे. लिहिलेलें तेवढें राहील.