हॅलोविनचा खाऊ मुलांसोबत घरी : खर्च किती, वेळ किती, लेबल कुठे वाचायचं

एका घाण्यात सोळाएक कुकीज होतात आणि त्यांच्या साहित्याला साधारण तीन डॉलर लागतात. तरीही पहिल्या वर्षी दुकानातली पावती चाळीस डॉलरच्या पुढे जाते. बाकीचे पैसे साचे, रंग, साखरेचे डोळे आणि सजावटीच्या बरण्यांवर जातात. यातलं निम्मं सामान घेतलं नाही तरी मुलांची मजा जराही कमी होत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या, घरात लहान मुलं असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हा हिशेब. किमती साध्या किराणा दुकानातल्या, अंदाजे धरल्या आहेत. तुमच्या गावात अर्धा-एक डॉलर इकडेतिकडे होईल.

खरेदीच्या आधी शाळेला विचारा

३१ ऑक्टोबरच्या निदान दोन आठवडे आधी वर्गशिक्षिकेला किंवा वर्गाचं काम पाहणाऱ्या पालकांना ईमेल करा. चार गोष्टी विचारा: पार्टीला खाऊ चालतो का, घरचा चालतो का, वर्गात कुणाला कसली ॲलर्जी आहे, आणि मुलं किती आहेत. उत्तर लेखीच घ्या. पुष्कळ शाळा घरचा खाऊ घेतच नाहीत. त्यांना घटकपदार्थांचं लेबल असलेलं, न फोडलेलं पाकीट लागतं. काही शाळांत खाऊच बंद असतो, तिथे पेन्सिली आणि स्टिकर चालतात. हे न विचारता तीस कुकीज केल्यात, तर त्या तशाच डब्यातून घरी परत येतील आणि मुलाचा हिरमोड होईल.

संध्याकाळी दारावर येणाऱ्या मुलांनाही घरचा खाऊ देऊ नका. अनोळखी घरातला, वेष्टन नसलेला खाऊ बहुतेक पालक टाकून देतात. दारावर बंद पाकिटंच द्या. शेजारी दुसऱ्या भांड्यात खोडरबर, बांगड्या, छोट्या वह्या असं न खाण्याचं काही ठेवलंत, तर ॲलर्जी असलेल्या मुलांनाही काही मिळतं. अशा घरांनी दाराशी निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवायची पद्धत २०१४ पासून देशभर पसरली आहे. या भांड्याला पाच-सात डॉलर पुरतात.

म्हणजे घरचा खाऊ तुमच्या घरच्यांसाठी, ओळखीच्या मित्रमैत्रिणींसाठी आणि मंडळाच्या कार्यक्रमासाठी. प्रमाण तेवढंच धरा.

पाहुण्या मुलांना देणार असाल तर ॲलर्जीचा विचार नीट करा. अमेरिकेत पाकिटावर नऊ पदार्थांची नोंद सक्तीची आहे: दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. आता स्वतःच्या स्वयंपाकघराकडे बघा. मिक्सरच्या ज्या भांड्यात दाण्याचं कूट होतं, त्यातच तुम्ही साखर दळणार असता. तिळगुळाची परात, चिक्कीचं ताट-उलथणं तेच असतं. कुकीत शेंगदाणा घातला नाही म्हणजे ती शेंगदाण्यापासून सुरक्षित झाली, असं नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल येणार असेल तर त्याच्या आईला आधी सगळं मोकळेपणाने सांगा, त्याच्यासाठी बंद पाकीट आणा आणि पिठीसाखर विकतचीच वापरा. तशीही विकतची पिठीसाखर आयसिंगला बरी: ती जास्त बारीक असते आणि तिच्यात थोडं कॉर्नस्टार्च असतं.

कुकी : बिनअंड्याची, साचा धरणारी

एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम बिनमिठाचं बटर, अर्धा कप पिठीसाखर, सव्वा कप आणि वर एक मोठा चमचा मैदा, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा व्हॅनिला. इथला ऑल पर्पज फ्लॉवर चालतो, वेगळा मैदा शोधायला नको. कप अमेरिकन, २४० मिलिलिटरचा. बटर फ्रिजमधून तासभर आधी काढा. बटर-साखर फेसा, मैदा घाला, गोळा करा. पोळपाटावर पार्चमेंटच्या दोन कागदांच्या मध्ये पाव इंच जाड लाटा. कागदासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग साच्याने कापा आणि ३५० अंश फॅरनहाइटवर दहा ते बारा मिनिटं भाजा. कडा किंचित सोनेरी दिसल्या की काढा.

यात बेकिंग पावडर नाही, ते मुद्दाम. पावडरने कुकी फुगते आणि भुताचा ढग होतो. फ्रिजचा अर्धा तासही याच कारणाने गाळू नका.

खर्च: बटर एक ते दीड डॉलर, मैदा आणि पिठीसाखर (आयसिंगची धरून) एक ते सव्वा, बाकी किरकोळ. एक कुकी वीस सेंटच्या आत. बटर चार स्टिकच्या, म्हणजे एका पौंडाच्या खोक्यात येतं, चार ते सहा डॉलरला. एकच स्टिक लागणार असली तरी पैसे चारांचे जातात. उरलेल्याचं दिवाळीसाठी तूप कढवा, म्हणजे तो खर्च हॅलोविनच्या नावावर धरायला नको.

पार्चमेंट आणि वॅक्स पेपर एकाच फळीवर असतात, वॅक्स पेपर स्वस्त असतो. तो ओव्हनमध्ये घालायचा नसतो: मेण वितळतं, धूर होतो. पार्चमेंटच घ्या, साधारण चार डॉलर.

वेळ दोन दिवसांत विभागा. पहिल्या संध्याकाळी पीठ, लाटणं, भाजणं: दीड तास. दुसऱ्या दिवशी सजावट: पाऊण तास. एकाच दिवशी सगळं करायला गेलात की मुलं भाजणं होईपर्यंत कंटाळतात आणि रंगवायच्या वेळी रडकुंडीला येतात. गरम कुकीवर आयसिंग वितळतं, हेही आहेच.

वेळच नसेल तर रेफ्रिजरेटेड, भोपळा-भूत छापलेल्या तयार कुकीज घ्या. चार-पाच डॉलरला वीस-चोवीस मिळतात, भाजायला दहा-बारा मिनिटं. नोकरीच्या आठवड्यात हा अगदी योग्य मार्ग आहे. मात्र अंडं खात नसाल तर लेबल वाचून घ्या. झपाटलेल्या घराचे किट मात्र टाळा. दहा-पंधरा डॉलर जातात, भिंती लहान मुलांच्या हातून उभ्या राहत नाहीत आणि शेवटी बिस्किट कुणी खात नाही.

सजावट : इथेच खिसा कापला जातो

आयसिंगला एक कप पिठीसाखर, एक ते दीड मोठा चमचा दूध, एक छोटा चमचा कॉर्न सिरप. एवढंच. अंड्याचा कच्चा पांढरा भाग घालून करतात ते आयसिंग मुलांसाठी नको. तसंच टणक आयसिंग हवं असेल तर मेरिंग पावडर मिळते, पण तिच्या डबीला सात-दहा डॉलर पडतात आणि तिच्यातही अंडं असतंच.

रंग तीनच करा: पांढरा, केशरी, काळा. जेल रंगांचा चार नळ्यांचा संच चार-सहा डॉलरला येतो आणि दोन वर्षं पुरतो. काळ्यासाठी आधी आयसिंगमध्ये कोको घालून ते गडद तपकिरी करा, मग काळा रंग थेंबभर पुरतो. पांढऱ्यापासून सुरुवात केलीत तर अर्धी नळी संपते, चव कडवट होते आणि मुलांचे दात, ओठ, टॉवेल सगळं काळं होतं. विकतचा रंग नको असेल तर केशरी घरीही होतो: चिमूटभर हळद आणि बिटाच्या रसाचे काही थेंब. हा रंग आयसिंगमध्येच वापरा, पिठात नको. भाजताना बीट फिकं पडतं आणि सोडा असला की हळद लाल होते.

आता न घेण्याच्या वस्तू. पाइपिंग बॅग आणि नळ्यांचा संच, पाच ते आठ डॉलर: त्याऐवजी झिपवाली पिशवी घ्या आणि कोपरा कात्रीने जेमतेम कापा. बारा साच्यांचा डबा, दहा डॉलर: भूत आणि भोपळा हे दोनच साचे लागतात, सुटे दोन डॉलरच्या आसपास मिळतात. वटवाघळाचे पंख आणि चेटकिणीच्या झाडूची दांडी लहान मुलांच्या हातून तुटते, तेव्हा ते साचे सोडाच. गोल कुकीला तर वाटीही चालते आणि गोल कुकीचा भोपळा, डोळा, कोळ्याचं जाळं काहीही होतं. सहा खणांची सजावटीची बरणी, पाच-सहा डॉलर: त्यातले चार खण तसेच राहतात. साखरेचे तयार डोळे तेवढे घ्या. तीन-पाच डॉलरच्या पाकिटात पुष्कळ येतात आणि साध्या कुकीवर दोन डोळे लावले की तीन वर्षांच्या मुलालाही भूत जमतं.

ऑनलाइन घेताना किंमत नगावर न बघता वजनावर बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात साखरेच्या डोळ्यांची तीच पुडी दुप्पट भावाने विकणारे असतात, वर पोचवण्याचा आकार वेगळा. विक्रीकरही पाहा. उदाहरणार्थ, न्यू जर्सीत पीठ-लोण्यावर कर नाही, कँडीवर मात्र ६.६२५ टक्के आहे.

चमकी घेताना जास्त जपा. डबीवर नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं असेल तर ती खाण्यासाठी नाही. ‘एडिबल’ हा शब्द आणि घटकांची यादी, दोन्ही हवीत. ती दिसली नाहीत तर डबी परत ठेवा, ती केकच्या फळीवर का असेना.

शाकाहारी घरांनी हे वाचाच

मार्शमेलो जिलेटिनचे असतात आणि जिलेटिन डुकराच्या किंवा गाईच्या कातडी-हाडांपासून होतं. कँडी कॉर्नमध्ये जिलेटिन असतं, शिवाय ‘कन्फेक्शनर्स ग्लेझ’, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी चकाकी. ‘कार्माइन’ हा लाल रंग किड्यापासून होतो. गमी कँडीतही बहुधा जिलेटिनच. हे पाकिटाच्या पुढच्या बाजूला कुठेही ठळक लिहिलेलं नसतं. अमेरिकेत भारतासारखी हिरवी-तपकिरी खूण नाही, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचावीच लागतात. मुलांना हे आधीच नीट समजावून ठेवा, म्हणजे पार्टीत ती स्वतः विचारतील.

जिलेटिन नसलेले ‘डँडीज’ मार्शमेलो होल फूड्ससारख्या दुकानांत मिळतात, पण साध्यापेक्षा बरेच महाग पडतात. राइस क्रिस्पीजच्या वड्यांसाठी दहा औंस मार्शमेलो, तीन मोठे चमचे बटर आणि सहा कप राइस क्रिस्पीज लागतात. तेवढा खर्च नको असेल तर कुरमुरे आणि गूळ घ्या: चार कप कुरमुरे, पाऊण कप गूळ, चमचाभर तूप. पाण्यात टाकल्यावर टणक गोळी होईल असा पाक करा, कुरमुरे घाला, तूप लावलेल्या ताटात थापा, गरम असतानाच वड्या पाडा. पाक आणि थापणं मोठ्या माणसाचं काम, पाक हाताला चिकटून भाजतो. गार झाल्यावर वड्या मुलांकडे द्या, त्यावर आयसिंगने डोळे-तोंड काढू द्या. भारतीय दुकानातून आणलेल्या सामानात हे चार-पाच डॉलरमध्ये होतं.

त्याहून स्वस्त हवं? संत्री सोलून वर सेलरीचा तुकडा खोवला की भोपळा. केळं आडवं अर्धं कापून उभं केलं, चॉकलेट चिप्सचे डोळे लावले की भूत. ओरिओला प्रेट्झेलच्या काड्यांचे आठ पाय लावले की कोळी. भट्टी नको, पंधरा मिनिटं पुरतात. केळं आयत्या वेळी कापा, ते काळं पडतं.

कुणी काय करायचं

दोन-तीन वर्षांच्या मुलांनी साचा दाबायचा आणि डोळे चिकटवायचे. चार ते सहाच्या मुलांनी पीठ मोजायचं, लाटायचं, चमच्याने आयसिंग पसरायचं. सातच्या पुढच्यांनी पिशवीने रेघा काढायच्या. ओव्हन सगळ्यांसाठी बंद, तुमच्याशिवाय. प्रत्येकाला सहाच कुकीज वेगळ्या ताटलीत द्या आणि त्याचं आयसिंगही वेगळं द्या, भांडणं तिथेच मिटतात. आजी आलेल्या असतील तर लाटणं त्यांच्याकडे सोपवा.

कच्चं पीठ कुणाच्याही तोंडात जाऊ देऊ नका. अंडं नाही म्हणून ते सुरक्षित आहे असं समजू नका: मैदाच कच्चा असतो आणि त्यातून ई-कोलायचा संसर्ग होऊ शकतो. २०१६ मध्ये जनरल मिल्सने याच कारणाने कोट्यवधी पौंड पीठ बाजारातून परत घेतलं होतं. मैदा घरी भाजून सुरक्षित होतो असंही धरू नका, अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तसं न करण्याचा सल्ला देतं. पोळ्यांच्या कणकेची चिमणी करायला देण्याची सवय आपल्याकडे असते. ती हातात द्या, पण नंतर हात साबणाने धुवायला लावा.

चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, मार्शमेलो आणि कडक कँडी देऊ नका, घशात अडकतात. टूथपिकने जोडलेला खाऊ तर नकोच.

आधी काय, नंतर काय

कुकीचं पीठ घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये तीन महिने राहतं, तेव्हा सप्टेंबरच्या सुट्टीत करून ठेवलंत तरी चालेल. भाजलेल्या, न रंगवलेल्या कुकीज हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात. रंगवल्यावर रात्रभर एकेरी थरात वाळू द्या, मगच डब्यात रचा. कापलेली फळं बाहेर दोन तासांवर ठेवू नका.

या कुकीज कुणी विकत मागितल्या तर लगेच हो म्हणू नका. घरचे पदार्थ विकायचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. न्यू जर्सीत त्यासाठी परवाना लागतो: दोन वर्षांचे शंभर डॉलर, शिवाय अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र. फुकट वाटायला परवाना लागत नाही.

आणि साचे, कागदी पिशव्या, जेल रंग हे सगळं १ नोव्हेंबरला सकाळी घ्या, त्या दिवसापासून किमती निम्म्यावर येतात. साचे खराब होत नाहीत. साखरेचे डोळे आणि सजावटीचे दाणे मात्र तारीख बघून घ्या: पुढच्या ऑक्टोबरच्या आधीची तारीख असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका. चॉकलेट तर घेऊच नका, वर्षभरात त्यावर पांढरा थर येतो.