बाळाच्या डोळ्यातील पांढरी चमक

लहान मुलाच्या डोळ्याची बाहुली काळीभोर दिसते. तीच बाहुली अंधूक उजेडात किंवा फ्लॅशने काढलेल्या फोटोत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चमकू लागली, तर दुर्लक्ष करू नये. डोळ्याच्या आतील पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, कर्करोगाचे ते लक्षण असू शकते. या रोगास ‘रेटिनोब्लास्टोमा’ म्हणतात. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकास तो होतो आणि बहुधा वयाच्या पाच वर्षांच्या आतच दिसून येतो.

हा रोग होतो कसा? याचा उलगडा होण्यास प्रयोगशाळेतील प्राण्यांची मोठी मदत झाली. माणसात आढळणाऱ्या ‘अ‍ॅडिनो १२’ या विषाणूमुळे हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पिलांना कर्करोग होतो, असे १९६२ साली अमेरिकेत आढळले. पुढे १९७०च्या दशकात हाच विषाणू नवजात उंदरांच्या डोळ्यात टोचला असता काहींच्या दृष्टिपटलावर अशाच गाठी वाढल्या.

याचे कारण १९८८ साली कळले. आपल्या पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एक प्रथिन असते. विषाणूचे प्रथिन नेमके त्यालाच जखडून टाकते. लगाम सुटला की पेशी बेसुमार वाढतात आणि गाठ तयार होते. १९९० साली माकडांतील एका विषाणूचे जनुक उंदरांत घातले, तेव्हा त्यांच्या डोळ्यातही अशाच गाठी झाल्या.

मग मुलांनाही हा रोग विषाणूमुळे होतो काय? तसे सिद्ध झालेले नाही. मुलांमध्ये लगाम सुटतो तो विषाणूमुळे नव्हे, तर हे प्रथिन तयार करणारे जनुकच बिघडल्यामुळे. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही बिघडल्या की रोग सुरू होतो. म्हणून हा रोग संसर्गजन्य नाही. आजारी मुलाला भावंडांपासून दूर ठेवू नये. त्याच्या आईला तर मुळीच दोष देऊ नये. मात्र काही घरांत हा बिघाड आनुवंशिक असतो. त्यामुळे भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत.

पांढऱ्या चमकेखेरीज नव्याने आलेला तिरळेपणा, डोळा सतत लाल राहणे, डोळा मोठा दिसणे ही लक्षणेही ध्यानात ठेवावीत. प्रत्येक पांढरी बाहुली म्हणजे कर्करोग नव्हे. मोतीबिंदूनेही असे दिसते. पण हा निर्णय घरी करायचा नसतो. डोळ्यात मध किंवा झाडपाल्याचा रस घालून दिवस घालवू नयेत.

शिरूर, दौंडच्या वाचकांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा नेत्रतज्ज्ञांकडे मूल लगेच दाखवावे. शिरूरहून एसटीने व दौंडहून रेल्वेने पुण्याचे ससून रुग्णालय गाठता येते. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात या रोगावर उपचार होतात. वेळीच निदान झाल्यास औषधे, लेसर, अतिशीत उपचार यांनी पुष्कळदा डोळाही वाचतो. रोग वाढलेला असल्यास डोळा काढण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकून अनेक पालक मुलाला घेऊन घरी परततात. तसे करू नये. गाठ डोळ्याबाहेर पसरण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक मुले वाचतात. एक डोळा गेला तरी दुसऱ्या निरोगी डोळ्याने मूल शाळा शिकते, खेळते. उशीर झाल्यास मात्र प्रश्न डोळ्याचा राहत नाही, जिवाचा होतो.