यमकाचा शोध

बालमित्रांनो, कवितेच्या चरणांच्या अंती सारखा ध्वनी आला म्हणजे त्यास यमक म्हणतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. कल्याणहून अंबरनाथकडे जाताना लागणारे विठ्ठलवाडी स्थानक घ्या. त्यातील 'वाडी' या शब्दाशी 'गाडी', 'झाडी', 'माडी' किती सहज जुळतात! येथे शेवटचे अक्षर तर सारखे आहेच, शिवाय त्याच्या आधीचा 'आ' हा स्वरही सारखा आहे. 'वाडी' आणि 'होडी' यांत मात्र 'डी' तेवढी समान. म्हणून ते यमक कानाला अपुरे वाटते.

ओवीत पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक साधतात आणि चौथा चरण मोकळा सोडतात. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्यांत यमकाची अशी काही रेलचेल आहे की, वाचकाने कोश जवळ घेऊनच बसावे! गीताच्या श्रोत्यास ती सवड नसते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' प्रसारित झाले, तेव्हा प्रत्येक शब्द ऐकताक्षणीच समजणे अगत्याचे होते.

आता 'पाऊस' हा नेहमीचा शब्द पाहू. 'ऊस', 'कापूस', 'हापूस', 'माणूस' हे त्याचे सोबती. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत उल्हास नदीला महापूर आला आणि बदलापूर-कल्याण परिसरात कित्येक घरांत पाणी शिरले. त्या दिवसावर तुम्हांस गीत रचावयाचे आहे. 'हापूस' योजला तर यमक निर्दोष. परंतु जुलैअखेरीस हापूस कोठला? 'हौस' हा शब्दही पुष्कळांना सुचतो. त्यात 'ऊ' नसून 'औ' आहे, हा दोष लहान म्हणता येईल. पण ज्याची चूल पाण्याखाली गेली, त्याला पावसाची हौस कशी वाटावी? यमकासाठी खोटे बोलणे हा मोठा दोष होय. मग उरतो 'माणूस':

रात्रभर कोसळे पाऊस,
मदतीला धावतो माणूस.

शब्द साधाच आहे, पण खरा आहे.

कधी असा सोबती मिळत नाही. तेव्हा क्रियापदाकडे वळावे: 'नको जाऊस', 'नको खाऊस' ही रूपे 'पाऊस'शी जुळतात. शब्दाला प्रत्यय लावावा: 'पावसात' म्हटले की 'घरात', 'मनात', 'उरात' धावून येतात. याहून उत्तम उपाय म्हणजे अडलेला शब्द चरणाच्या मध्यभागी न्यावा व शेवटी 'पाणी' आणावा. मग 'गाणी', 'वाणी', 'कहाणी' यांना तोटा नाही. पुष्कळ नवे लेखक एकाच शब्दाशी तासन् तास झुंजत बसतात, पण चरण फिरवून पाहत नाहीत.

स्वाध्याय

१. 'फळा' व 'उन्हाळा' यांपैकी 'शाळा' या शब्दाशी कोणता अधिक जुळतो? कारण सांगा.

२. 'आई' या शब्दाशी जुळणारे आठ शब्द लिहा. आपल्या आईविषयी खरे असेल असेच दोन चरण त्यांतील एक शब्द घेऊन रचा.