उंबराचे फूल आणि अवधूताचे गुरू

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की घरोघरी आणि मठामठांतून गुरुचरित्राची पारायणे सुरू होतात. सप्ताहाचे नियम, सोवळे, नैवेद्य, सगळे आपल्याला पाठ असते. पण दत्तभक्तांचा आणखी एक मोठा ठेवा श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे आणि तिकडे आपले लक्ष जरा कमीच जाते. अध्याय 7, 8 आणि 9. यदू राजा आणि अवधूत यांचा संवाद. चोवीस गुरूंची नावे कीर्तनात बुवांनी घडाघडा म्हटलेली आपण ऐकतो आणि माना डोलावतो. यंदा त्या नावांपाशी थोडं थांबू या.

प्रसंग मोठा गंभीर आहे. यादवकुळाचा अंत जवळ आला आहे, श्रीकृष्ण निजधामाला निघाले आहेत आणि उद्धवाला काही सुचेनासे झाले आहे. अशा वेळी भगवंत त्याला आपल्याच पूर्वजाची, यदूची, कथा सांगतात. राजाला वाटेत एक तरुण अवधूत भेटला. अंगावर काही नाही, जवळ काही नाही आणि तरी प्रसन्न. राजा विचारतो, सारे लोक काम आणि लोभाच्या वणव्यात होरपळत असताना तुम्हालाच त्याची झळ कशी लागत नाही? गंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हत्तीसारखे तुम्ही गार कसे?

आता एक गोष्ट अभ्यासकाने लक्षात ठेवावी. या तिन्ही अध्यायांत त्या अवधूताचे नाव कुठेही दिलेले नाही. ते दत्तात्रेयच, असे परंपरा मानते. त्याला आधारही भागवतातच आहे. दुसऱ्या स्कंधात दत्तावताराचा उल्लेख येतो, तिथे यदू आणि हैहय त्यांच्या चरणरजाने पावन झाले असे म्हटले आहे. म्हणजे आपली श्रद्धा काही हवेतली नाही.

अवधूताचे उत्तर पाहा. माझे गुरू पुष्कळ आहेत, म्हणतो, आणि ते मी माझ्या बुद्धीने केले. त्यांतल्या कोणीही त्याला मंत्र दिला नाही, कानात काही सांगितले नाही. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य यांच्यापासून ही शाळा सुरू होते. सूर्य एकच, पण जितकी भांडी तितकी प्रतिबिंबे. चंद्राच्या कला घटतात-वाढतात, चंद्र काही घटत नाही. अग्नी लाकडात गुप्त असतो आणि पेटला की ज्या लाकडाला धरेल त्याचा आकार घेतो. परमात्मा सर्व देहांत तसाच शिरलेला दिसतो. इथवर आपल्याला सोपे जाते, कारण सूर्योदय पाहून हात जोडणे आपल्या अंगवळणीच पडलेले आहे.

खरी परीक्षा पुढे आहे. कबुतर घ्या. जोडपे झाडावर घरटे करून सुखात राहते. पिल्ले होतात. आईबाप चारा आणायला गेले असताना पारधी जाळे टाकून पिल्लांना धरतो. आई परत येते, आक्रोश करते आणि भान हरपून जाळ्यात सापडते. मग बाप. त्याला जाळे डोळ्यांसमोर दिसत असते, आत तडफडणारी आपली माणसे दिसत असतात आणि तरी तो स्वतःहून आत पडतो. पारधी सगळे कुटुंब घेऊन खुशाल घरी जातो. प्रपंचातल्या वाचकाला ही गोष्ट बोचते. मला तर ती नेहमीच कठोर वाटत आली आहे, कारण त्या कबुतराचा दोष काय, तर माया. पण अवधूत त्याला दोष देण्यासाठी ही गोष्ट सांगत नाही. कबुतराने जे प्राण देऊन दाखवले ते मी पाहिले, एवढेच तो सांगतो. त्याला गुरू म्हणतो, मूर्ख म्हणून सोडून देत नाही.

असे मरून शिकवणारे आणखीही आहेत. पतंग रूपाने जातो, हत्ती स्पर्शाने, हरीण गाण्याने, मासा गळाच्या आमिषाने. मधमाशी साठवते आणि साठ्यासकट बुडते. फुलाफुलांतून थोडे थोडे घेणारा भुंगा मात्र घेण्याजोगा गुण शिकवतो. कुरर पक्ष्याच्या चोचीत मांसाचा तुकडा आहे तोवर बळकट पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तुकडा टाकला की तो सुटतो. हे तर आपण रोज पाहतो. पोळीचा तुकडा उचललेल्या कावळ्यामागे बाकीचे कसे लागतात! पाहतो, पण गुरू करत नाही. सृष्टीतली ईश्वराची खूण सुंदर असलीच पाहिजे, हा आपलाच हट्ट. अवधूताला ती जाळ्यात दिसली, गळात दिसली.

प्रत्यक्ष परमेश्वराची खूण त्याला कोळ्यात सापडली. कोळी आपल्या आतूनच धागा काढतो, त्यावर खेळतो आणि शेवटी तो गिळून टाकतो. तसा ईश्वर हे विश्व आपल्यातून काढतो आणि आपल्यातच मिटवतो. धागा तोंडातून येतो असे ग्रंथ म्हणतो. प्रत्यक्षात तो पोटाच्या मागच्या टोकाकडून येतो. पण जाळे पुन्हा खाऊन टाकणारे कोळी खरोखरच आहेत.

कुंभारीण माशीचे मात्र जरा अडते. तिने मातीच्या घरात कोंडलेला किडा भयाने तिचेच ध्यान करतो आणि तिच्यासारखा होतो, असा हा दृष्टांत. ध्यान ज्याचे, रूप त्याचे. आज शाळेतला मुलगासुद्धा सांगेल की माशी अळीला डंखाने लुळी करते, तिच्याजवळ अंडे घालते आणि अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन मोठे होते. घरात असा प्रश्न निघाला की वडीलधारी माणसे कधी कधी रागावतात. रागावू नये. ध्यानाचा सिद्धांत त्या किड्याच्या आधाराने उभा नाही. तो साधकाच्या अनुभवावर उभा आहे. दृष्टांत समजावण्यासाठी असतो, सिद्ध करण्यासाठी नाही. आणि बुद्धीने गुरू केले म्हणणाऱ्या अवधूताच्या भक्ताने नीट पाहणाऱ्या पोराला गप्प करावे, हे काही बरे दिसत नाही.

नीट पाहायचे तर आपल्या औदुंबराकडेच पाहा ना. नृसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, ही कथा गुरुचरित्रात आहे, म्हणून आपण त्याला प्रदक्षिणा घालतो. न दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. पण उंबराला फुले येतात, एकेका फळात शेकडो. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आतच ती बारीक फुले असतात आणि चिमुकले कीटक बारक्या छिद्रातून शिरून परागीभवन करतात. म्हणून तर उंबर फोडला की आत किडे दिसतात. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ फोडायला लावतो, मग त्यातले बी फोडायला लावतो. काय दिसते? काही नाही. त्या न दिसणाऱ्या अणूतूनच हा एवढा वड उभा आहे, असे बाप सांगतो. वड आणि उंबर एकाच कुळातले. नरसोबाच्या वाडीला किंवा औदुंबरला जाल तेव्हा पायाखाली पडलेले एखादे उंबर उचलून हलकेच उघडून पाहा. प्रदक्षिणेचा आकडा चुकला तरी चालेल.

नाथमहाराजांनी या अध्यायांवर फार विस्ताराने लिहिले आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त, देवगिरीचे. शके 1495 मध्ये काशीत पूर्ण झालेल्या त्या ग्रंथात एकेक गुरू प्रपंचातल्या माणसाला कळेल असा उलगडला आहे. मूळ संस्कृत जड गेले तर तिथून सुरुवात करावी, एका दिवशी एकच गुरू.

चोवीस झाल्यावर अवधूत आणखी एकाचे नाव घेतो आणि ते यादीत सहसा मोजले जात नाही. तो गुरू म्हणजे स्वतःचा देह. याच्यामुळेच मी तत्त्वाचा विचार करतो, म्हणतो, पण हा दुसऱ्याचाच आहे हे ओळखून असतो; शेवटी तो कोल्ह्याकुत्र्यांचाच व्हायचा. एवढे सांगून झाल्यावर यदूने त्याची पूजा केली, वंदन केले. आणि अवधूत जसा आला होता तसाच, आनंदात, निघून गेला.