गच्चीवरची दुर्बीण

पुण्यात थंडीच्या दिवसांत सोसायटीच्या गच्चीवर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावून लोकांना आकाश दाखवताना जे कळलं, ते असं.

१. अमावास्या गावाबाहेर जाणाऱ्यांना सोडून द्या. शहरात शुक्ल अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेलगत विवरांच्या सावल्या लांबलचक पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो आणि डोळे दिपवतो.

२. "दिसलं का?" असं मुलांना कधीच विचारू नये. मागे रांग खोळंबलेली, शेजारी आई "लवकर बघ" म्हणतेय. मूल "हो" म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा गुरू लावावा आणि विचारावं, "बाजूला ठिपके किती?" गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले हेच ते चार चंद्र. पण रोज चारही दिसतातच असं नाही. एखादा गुरूच्या मागे दडलेला असतो, एखादा त्याच्या बिंबापुढून चाललेला असतो. त्यामुळे पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही, डोळा लावावाच लागतो. आकडा चुकला तर पुन्हा बघू द्यावं. रांगेची कुरकुर आपण ऐकून घ्यावी.

३. मुलांसाठी स्टूल हवंच. आणि "हात पाठीमागे" हे आधीच सांगावं. तरी गुरू निसटणारच. मोटर नसलेल्या दुर्बिणीत दीडशे पट वर्धनाला तो मिनिटभरात बाहेर जातो. "मुलाने हलवली वाटतं," असं बाबा ओशाळून म्हणतात. हललेली असते पृथ्वी!

४. मृगातला तेजोमेघ राखाडी धुरकट दिसेल, हे आधीच सांगून टाका. फोटोतले रंग कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवून मिळवतो. आपल्या डोळ्याला ते जमत नाही. साधारण तेराशे वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे म्हटलं, की थोडी भरपाई होते.

५. रांगेत आजी-आजोबा असतील तर तारे दाखवायचा लेसर खिशात ठेवावा. हरणाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याच रेषेत खाली पेटलेला व्याध, हे ते नुसत्या बोटाने आपल्यापेक्षा चांगलं दाखवतात.

६. दहाला आवरतं घ्यावं. त्या सुमाराला दव खाली उतरतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी वर चढतात.