उंची कळली, जागा चुकली

मी मूळचा रोह्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये पेणहून रोह्याला येताना कित्येकदा डोंगर दिसतच नाही, नुसता ढग दिसतो. डोंगर मात्र जागेवरच असतो! आपण रस्त्यावर असतो म्हणून चालून जातं. वैमानिकाचं तसं नसतं.

४ ऑगस्ट १९७९ ला पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे ॲव्रो विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. आतले सर्व ४५ जण गेले. पनवेल म्हणजे आपल्या पेणचा शेजार.

त्याआधीची मोठी घटना सह्याद्रीच्या पलीकडची. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईला येणारे अलिटालियाचे डीसी-८ जुन्नरजवळ डोंगरावर आदळले. ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. चौकशीत निघालेले कारण असे: आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो, असा वैमानिकाचा समज झाला आणि तो वेळेआधीच खाली उतरू लागला. जागा तपासायची साधने होती, ती नीट वापरली गेली नाहीत.

आता थोडे गणित. विमान साधारण ३ अंशांच्या उताराने उतरते, म्हणजे दर नॉटिकल मैलाला सुमारे ३०० फूट. अपघाताची जागा मुंबईपासून ८४ किलोमीटर, म्हणजे ४५ नॉटिकल मैल. तिथे उंची हवी सुमारे १३,५०० फूट. विमान होते अवघ्या ३,६०० फुटांवर! ही उंची शोभते १२ मैलांवर.

साधा अल्टिमीटर हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. खाली भातशेती आहे की कडा, हे त्याला ठाऊक नसते. पुढे १९७० च्या दशकात जमीन जवळ आल्यावर ओरडणारे यंत्र आले. पण ते रेडिओ लहरींनी सरळ खालचेच अंतर मोजायचे, त्यामुळे समोर उभा कडा असला की इशारा उशिरा मिळे. १९९० च्या दशकात त्याला डोंगरांचा नकाशा जोडला, तेव्हा कुठे पुढचे दिसू लागले.

थोडक्यात काय, एक रीडिंग बरोबर असले म्हणजे उत्तर बरोबर, असे नाही. प्रॅक्टिकलला दुसऱ्या पद्धतीने ताळा करायला सर सांगतात, तेव्हा आपण कुरकुरतो. उद्या आपल्याच हाती बॉयलर, क्रेन, पूल येणार आहेत. तेव्हा ताळा करायची सवय आत्ताच लावून घेऊया.