पट्टा की साखळी? : गाडीच्या इंजिनातला वेळेचा धडा



जवाहरनगरहून नागपूरला सहकुटुंब निघालो होतो. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. महामार्गावर चालता चालता इंजिन एकदम बंद. स्टिअरिंग जड, ब्रेकही कडक झाले. मागून ट्रक येत होते. कशीबशी गाडी कडेला घेतली. मेस्त्रीने पाहून विचारलं, "सर, टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतले व्हॉल्व्ह वाकले होते. वर्गात गृहपाठ तपासणारा मी, माझाच गृहपाठ राहिला होता!

हा बेल्ट करतो काय?
इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, त्याने क्रँकशाफ्ट फिरतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा. म्हणून कॅमच्या चक्राला दुप्पट दाते असतात. या दोघांना जोडतो तो टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन.

मुलांना गणित द्या : क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतो, तर कॅमशाफ्ट किती? १५००. म्हणजे सेकंदाला २५! प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन त्यांना धडकतो.

गिरणी आणि सायकल
पिठाच्या गिरणीचा पट्टा जरा घसरला तरी बिघडत नाही, दळण थोडं उशिरा होतं. इथे घसरून चालत नाही, म्हणून या पट्ट्याला आतून दाते असतात. तो रबराचा, आत मजबूत धाग्यांचा. आवाज कमी, वजन हलकं. पण उष्णतेने आणि वयाने रबर थकतं, आणि तुटण्याआधी सहसा आवाज देत नाही.

साखळी सायकलसारखी, पण इंजिनच्या तेलात फिरणारी. ती जास्त टिकते. मात्र वेळेवर ऑईल बदललं नाही तर तिचे सांधे झिजतात, ती लांबते, खडखडते. "चेन आहे, म्हणजे काळजी नाही" हा गैरसमज आहे, बरं का!

आपल्या ओळखीच्या गाड्या
मारुती ८०० मध्ये बेल्ट होता. मारुतीच्या नंतरच्या के-सिरीज इंजिनांत साखळी आली. १९९८ साली आलेल्या, पुण्यात बनलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनात बेल्ट. पुढे इंडिका विस्टामध्ये रांजणगावला बनलेलं १.३ लिटरचं क्वाड्राजेट डिझेल आलं, त्यात साखळी. म्हणजे नावावरून ठरवू नका, इंजिन कोणतं ते पाहा.

पालकांसाठी
गाडीचं माहितीपुस्तक उघडा. बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते त्यात दिलेलं असतं. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरा. गाडी कमी चालली तरी रबराचं वय वाढतंच. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा. नसेल तर आधी बेल्ट बदला, मग लांबच्या प्रवासाला निघा.

वर्गासाठी उपक्रम
पुठ्ठ्याची दोन चक्रं करा, एकाला १० दाते, दुसऱ्याला २०. दोरी गुंडाळून फिरवा. मग दातेरी पट्टी लावून फिरवा. दोन्हींत फरक काय, ते मुलांनाच सांगू द्या.

माझ्या गाडीत आता एक चिठ्ठी चिकटवली आहे : बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर. अक्षर माझ्या मुलीचं आहे.